विमा उतरवा, मग खुशाल जा

नाही, हसा, हसा तुम्ही! तुमचं काय जातंय हसायला? तुमचे वडील नोकरीतून मोकळे झाल्यावर काय करतात? सकाळी दुधाच्या केंद्रावर पिशवी घेऊन उभे राहतात, संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसतात, अगदीच अंगात आलं तर सोसायटीच्या मीटिंगला जाऊन पाण्याच्या टाकीवरून भांडतात... झालं! आमच्या बाबांनी काय केलं? होडी घेतली! होडी! खेळण्यातली नाही हो, खरीखुरी, लाकडाची, चांगली टेम्पोपेक्षा लांब, आणि वयाने माझ्यापेक्षा मोठी. म्हणजे मी तिला ताई म्हणायला हवं! आणि मला हे कळलं कधी? घेऊन झाल्यावर! बाबा घरी आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल, मोरीत पाय धुता धुता म्हणाले, "होडी घेतलंय." जसं काही बाजारातून मिरच्या घेतल्या! गोराईच्या धोंडू कोळ्याने इंजिनवाली बोट घेतली म्हणून त्याची जुनी होडी यांनी घेतली. आता यावर मी काही बोललो? नाही बोललो.

का नाही बोललो? अहो, कारण संपानंतर त्यांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं!

नाही, तुम्हाला सांगतो, हे समजून घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल हा पोरगाच बावळट. आमचे बाबा, सहदेव नाव त्यांचं, मूळ मालवणकडचे, आणि उभं आयुष्य गिरणीत साच्यावर. साचा म्हणजे माग हो, कापड विणायचा. ब्याऐंशीला संप झाला, गिरणी गेली ती गेलीच, गेटला कुलूप. मी बोरिवलीला वझिरा नाक्याजवळ ब्लॉक घेतला, लालबागची खोली सोडली, म्हटलं इथे हवा चांगली, समोर झाडं आहेत, बाबा रमतील. कसले रमतायत! पहाटे पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, शर्ट घालायचे, आणि गॅलरीत जाऊन बसायचे. भोंग्याची वाट बघत! बोरिवलीत कुठला आलाय भोंगा? फार तर पाववाल्याची सायकलची घंटी! पण बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. विचारलं "बाबा, काय होतंय?" तर "काय नाय." एवढंच. दोन वर्षं आमच्या घरात "काय नाय" सोडून बाबांचा शब्द नाही. आणि अशा माणसाने मोरीत उभं राहून सांगितलं, "होडी घेतलंय"... तुम्ही काय बोलला असता, सांगा ना?

मी नाही बोललो, पण आई बोलली. आई बोलली म्हणजे काय, शेवंतीबाई सहदेव यांनी आकाशपाताळ एक केलं! "होडी? खय ठेवतल्यात? गॅलरीत? तुळशीच्या बाजूक?" तिथून जी सुरुवात झाली ती थेट माझ्या आजोबांपर्यंत पोचली. आणि तिथे पोचल्यावर मात्र ती एकदम हळू झाली. कारण माझे आजोबा होडीतच गेले. वारा फिरला, होडी सापडली, माणूस नाही सापडला. त्याच वर्षी आजीने बाबांना उचललं आणि मुंबईच्या बोटीत बसवलं, म्हणाली, गिरणीत जा, साच्यावर मर, पण पाण्यावर नको. तेव्हा आई बाबांना म्हणाली, "सासरो माझो होडयेतसून गेलो तो इलोच नाय. तुमका जावचा आसात तर आदी माका मसणात पोचवा नि मगे जावा." आणि आत गेली आणि मोठ्याने भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी! बाबा म्हणाले, "बरा." आणि मी? मी दोघांच्या मध्ये उभा. मी काही बोललो? नाही बोललो.

पण डोकं चालवलं! आपण शिकलेले ना, ऑफिसात बसतो ना, शर्टाच्या खिशाला पेन ना आपल्या! मी विचार केला, बाबांना नाही म्हणायचं नाही, पण समुद्रावर जाऊही द्यायचं नाही. असं काय आहे जगात? तर आहे, सरकारी कारभार! रात्री जेवताना मी अगदी साळसूदपणे म्हटलं, "बाबा, होडी घेतलीत ना, झकास केलंत. पण आजकाल नियम असतात. विमा उतरवा, मग खुशाल जा. विमा नाही मिळाला तर होडी परत धोंडूला. कबूल?" बाबांनी भाताचा घास हातात धरला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "कबूल." आईने माझ्या ताटात आणखी एक माशाची तुकडी वाढली. कारण तिला कळलं ना! हो, त्या लाकडाला कोण देणार विमा? मला वाटलं, विम्याच्या ऑफिसात नुसतं होडीचं वय सांगितलं की तिथला शिपाईसुद्धा हसेल आणि विषय संपेल. काय डोकं चालवलं यार मी! स्वतःच्या पायावर धोंडा नाही, अख्खा नांगर टाकून घेतला!

कारण शिपाई हसला नाही! तिथले साहेबही हसले नाहीत! म्हणाले, "देऊ की विमा. आमचा सर्वेयर येऊन होडी बघेल, ठोकून-टोचून तपासेल, पास म्हणाला की झालं." मी म्हटलं, "आणि नापास म्हणाला तर?" ते म्हणाले, "तर नाही." बाबा शेजारीच उभे होते. बाबांनी त्यांना हात जोडले.

आता काय करणार? मग मी एक केलं. तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. त्या सर्वेयरचा पत्ता काढला, अंधेरीला ऑफिस, विद्याधर कर्णिक, पूर्वी मोठ्या जहाजांवर इंजिनियर होते. ऑफिसमधून हाफ डे टाकून गेलो. सफारी घातलेला माणूस, चष्मा नाकावर, बोलणं एकदम तुटक. मी म्हटलं, "साहेब, पुढच्या रविवारी तुम्ही गोराईच्या खाडीवर, आमच्या बोरिवलीच्या बाजूला, एक होडी बघायला येताय. जरा... जरा कडक बघा." ते म्हणाले, "म्हणजे?" मी म्हटलं, "म्हणजे नापासच करा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मिस्टर, या खुर्चीत बसून मी लोकांचं पाया पडणं बघितलं, शिव्या ऐकल्या, पास करा म्हणून माणसं इथे रडलीत. नापास करा म्हणून आलेला तुम्ही पहिलाच. होडी दुश्मनाची आहे का?" मी म्हटलं, "वडिलांची आहे." त्यांनी फाइल मिटली. म्हणाले, "मी जे आहे ते लिहितो. या तुम्ही." आलो परत.

आणि इकडे बाबा! अहो, बाबांचा नूरच पालटला! रोज सकाळी शर्ट घालून गॅलरीत नाही, थेट खाडीवर! होडी तासतायत, घासतायत, संध्याकाळी हातांना डांबराचा वास, अंगाला मिठाचा वास, आणि जेवताना बोलतायत! "आज वारो बरो होतो..." "आज फळी एक बदलूक व्हयी..." आई नुसती ताटात वाढत होती, बोलत नव्हती, पण मी बघत होतो ना, बाबा दुसऱ्यांदा भात मागायचे तेव्हा तिचा चेहरा! दोन वर्षांनी माणूस भात मागत होता. आणि आपण काय करतोय? तर त्याला नापास करायची तयारी! मला रात्री झोप लागेना. पण डोळे मिटले की आजोबांची ती रिकामी होडी दिसायची, जी मी कधी बघितलेलीच नाही! मग परत वाटायचं, नापासच होऊ दे देवा.

उजाडला रविवार. अख्खी सोसायटी टीव्हीसमोर, आणि आम्ही तिघं खाडीवर. आई पण! "मी होडयेत पाय ठेवचंय नाय, पण सायब येतलो तेका उपाशी कसो धाडूचो?" म्हणून वडे आणि कोंबडीच्या सागुतीचं पातेलं फडक्यात बांधून घेतलेलं. अगं आई, त्याने होडी नापास करावी म्हणून तू देव पाण्यात ठेवलेस ना? तर म्हणते, "मगे? नापास करूचा तर पोटभर जेवान करीत!" 

आणि होडी... काय सांगू तुम्हाला! मी बघितली आणि कपाळाला हात लावला. बाबांनी आदल्या दिवशी तिला रंग दिलेला! वरून निळा, खालून लाल, कडेला पिवळी पट्टी, पुढच्या टोकाला हळदकुंकू, झेंडूची माळ! मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर तिला कसं नटवतात, तसं नटवलेलं! ओहोटी होती, चिखलात होडी जराशी कलून बसलेली, अगदी लाजून बसल्यासारखी. बाबा म्हणाले, "कशी दिसता?" मी म्हटलं, "झकास!" काय करू मग?

कर्णिक साहेब स्कूटरवरून आले ते उशिरा, रस्ता चुकून. पांढरी पँट! खाडीवर पांढरी पँट, तुम्हीच सांगा! आले, होडीजवळ गेले, हात टेकला आणि अख्खा पंजा निळा. वैतागून पाठ फिरवली तर मागे पिवळी पट्टी! पँटला पिवळा! बाबा धावले, "सायबांनू, रंग वलो हा!" साहेब रंगलेल्या हाताकडे बघून म्हणाले, "ओला का आहे? काल दिलाय?" बाबा कौतुकाने म्हणाले, "काल." आणि तिथेच वाट लागली! साहेब म्हणाले, "हे बघा काका, मी रंग बघायला येत नाही, लाकूड बघायला येतो. तपासणीच्या आदल्या दिवशी जो रंग देतो तो काहीतरी लपवतो. हा माझा अनुभव आहे. खरवडा!"

खरवडा! अहो, मुलगी बघायला आलेल्याने म्हणावं, तोंड धुऊन या, पावडरखाली काय आहे बघू! बाबांचा चेहरा असा पडला... त्यांनी लपवायला नव्हता हो दिला रंग. पाहुणा येणार म्हणून दिलेला. आमच्यात पाहुणा यायचा म्हटलं की अंगण सारवतात, माणूस धुतलेला सदरा घालतो, तसा. मग स्वतःच्या हाताने पत्र्याचा तुकडा घेतला आणि कालचा रंग आज खरवडायला लागले. मी काही बोललो? नाही बोललो. मला तर आनंद व्हायला हवा होता ना? नापास होत होती ना माझ्या मनासारखी? मग मला तो पत्र्याचा आवाज का ऐकवेना?

साहेबांनी पिशवीतून हातोडी काढली, टोचा काढला, आणि सुरू. टक टक टक... टक टक टक... होडीला कान लावून. आणि मधेच एका फळीवर टक ऐवजी डब्ब! टोचा घातला तर आत. "ही फळी मऊ आहे." बाबा म्हणाले, "ती पाण्याच्या वर आसा. बदलतलंय." "हूं." परत टक टक. मागे आई छत्री घेऊन उभी, ती हळूच त्यांच्याजवळ सरकली, मला वाटलं सरबत विचारायला. नंतर कळलं काय कुजबुजली ते! "सायबांनू, तेवढी नापास करा हां. देव तुमचा बरा करतलो." साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आकाशाकडे बघून उसासा टाकला.

मग म्हणाले, आतून बघायचंय. चढायला गेले तर बाबा आडवे! "पायताण काडा सायबांनू. होडयेर पायताण घालून कोण चढाक नाय." साहेबांनी मुकाट बूट काढले, चिखलात एका दगडावर ठेवले, आणि मोज्यांवर चढले. उजव्या मोज्याला भोक, अंगठा बाहेर! जहाजावरचा इंजिनियर माणूस, पण अंगठा आपल्यासारखाच, तेव्हा मला जरा धीर आला. मला म्हणाले, "तुम्ही या, टेपचं टोक धरा." मी चपला वर रस्त्याकडेला काढल्या आणि चढलो. आणि तुम्हाला सांगून ठेवतो, मला पोहता येत नाही. कोकणातला माणूस, आजोबा समुद्रावरचे, आणि बादलीभर पाण्यात जीव घाबरतो माझा! पण खाली चिखल होता, म्हटलं चिखलात कोण बुडतंय?

आत साहेबांनी फळ्यांच्या फटी बघायला सुरुवात केली. होडीच्या दोन फळ्यांमध्ये फट असते, त्यात कापूस ठासून वरून राळ लावतात, म्हणजे पाणी आत येत नाही. साहेबांनी टोच्याने राळ उकरली, आतला दोरा चिमटीत धरला, डोळ्यासमोर नेला. "हा कापूस नाही. हे काय भरलंय? सूत? सगळं तुटक-तुटक, गाठी मारलेलं, रंगीबेरंगी..." आणि वैतागून म्हणाले, अगदी सहज म्हणाले हो, वाईट नव्हता माणूस, उन्हाने तापलेला, पँट पिवळी झालेली, तोंडातून निघून गेलं, "अहो, फटींत कचरा भरलाय सगळा! कचऱ्याला मी पास कसं लिहू?"

बाबा खाली चिखलात उभे होते.  नुसता अंगठा फिरवत राहिले त्या खरवडलेल्या जागेवर. "काय नाय"वाला चेहरा! तो परत आला, माझ्या डोळ्यांदेखत परत आला.

आणि ते सूत मी ओळखलं! अहो, घरी माळ्यावर पिशवी होती त्याची. गिरणीत साच्यावर जे सूत तुटतं, ते कामगार हात पुसायला घेतात. बाबा रोज खिशात कोंबून थोडं घरी आणायचे. आई त्याच्या देवाच्या वाती वळायची, स्टो पुसायची, माझ्या लहानपणी पतंग तुटला तर त्याचाच मांजा! गिरणी बंद झाली तेव्हा बाबांकडे गिरणीतलं एवढंच उरलं, ती पिशवी. आणि ती सगळी त्यांनी या होडीच्या फटींत भरली होती.

हे मी मनात म्हणतोय तोवर मागून आवाज आला, "कचरो कोणाक म्हणतंस रे?"

आई! छत्री टाकलेली, लुगड्याचा काष्टा खोचलेला, गुडघाभर चिखलातून सरळ होडीकडे! जिने शपथ घेतलेली की होडीत पाय ठेवणार नाही, ती बाई काठाला हात लावून एका दमात वर! होडी हलली, साहेब हलले, मी टेपसकट खाली बसलो. "माझ्या वातींचा सूत ता! तरीच म्हणतंय माळ्यावरची पिशी खय गेली! कचरो? ह्या सुतावर माझा घर चालला, पोरगो शिकलो, लोकांच्या आंगावर कापड इला! ह्या माणसान घातल्यान ता! तू घातलंस तो सदरो खयचो? झाडाक लागलो?" साहेबांनी आपल्या शर्टाकडे बघितलं. "आणि होडी जुनी म्हणतंस? मी जुनी नाय? माका टोचा घालून बघशीत?" साहेब म्हणाले, "अहो बाई, पण मघाशी तुम्हीच म्हणालात की..." "ता मघाशी! घरचा माणूस म्हणात काय व्हया ता! तू कोण?"

बघा! हे आमचं असं आहे. घरात आपल्या माणसाला आपण उठता बसता बोलू, पण बाहेरच्याने एक शब्द बोलू दे, मग बघा! साहेबांनी घाम पुसला, पुसला म्हणजे कपाळ निळं केलं, आणि माझ्याकडे वळले. म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही बोला. तुमचं काय म्हणणं आहे?"

आता बोला! इतके दिवस न बोललेला मी. एक शब्द बोललो असतो, "जे योग्य ते लिहा साहेब," तर संपला होता विषय. होडी धोंडूकडे, बाबा गॅलरीत, आणि मी रात्री शांत झोपलो असतो. मी खाली बघितलं. बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. अंगठा फिरवत होते. आणि तुम्हाला सांगतो... मी बोललो! म्हटलं, "साहेब, ते सूत ओढून बघा. निघतं का बघा. निघालं तर नापास लिहा." साहेबांनी बोटाला गुंडाळून ओढलं. नाही निघालं. पक्कड घेतली, पाय फळीला रोवला, ओढलं... नाही निघालं. ज्या माणसाने आयुष्यभर तुटलेल्या सुताला गाठी मारल्या, त्याने भरलेलं ते! मी म्हटलं, "होडी चांगली आहे साहेब. पास करा."

आणि साहेबांचा संयम सुटला! "अहो, तुम्ही माणसं आहात की कोण? हे चिरंजीव अंधेरीला येऊन मला म्हणतात नापास करा! या बाई इथे कानात म्हणतात नापास करा! आणि आता दोघं माझ्या अंगावर येताय पास करा?" झालं! बाबांच्या समोर! भांडं फुटलं! मला वाटलं आत्ताच्या आत्ता त्या चिखलाने मला पोटात घ्यावं. आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी वर बघितलं. पहिल्यांदा माझ्याकडे, मग आईकडे. आणि म्हणाले, "माका म्हायत होता."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला... कधीपासून?" ते म्हणाले, "तू इम्याचा काडलंस तेवाच. अरे, मी तुझो बापूस ना?" आणि हसले! दोन वर्षांनी हसले! म्हणाले, "बरा वाटला माका. गिरणीन गेटाक कुलूप घातला तेवा जाव नको म्हणाक कोण नव्हता. अडवणारी माणसा घरात असली की माणूस परत येता."  आई रडायला लागली, मी पण, कर्णिक साहेब निळ्या हाताने चष्मा पुसायला लागले. असे आम्ही तिघं होडीत, बाबा खाली पाण्यात...

पाण्यात? बाबा चिखलात होते ना? "बाबा, पाणी!" अहो, भरती आली होती! साहेब उशिरा आलेले, त्यात हे भांडण, कोणाचं लक्ष? पाणी बाबांच्या कमरेला! आणि मी बघतोय तर काय, किनारा हळूहळू मागे चाललाय! किनारा कसा जाईल? आम्ही चाललो होतो! होडी उचलली गेलेली, कलली होती ती सरळ झाली आणि चक्क तरंगायला लागली! तशी दोराने बांधलेली होती म्हणा, पण मला दोर कुठला दिसतोय? मी आईला मिठी मारली, आईने साहेबांना पकडलं, बाबा एका उडीत वर आले, आणि मी ओरडलो, "बुडालो!" साहेब ओरडले, "थांबा! हलू नका कोणी!"

आणि ते गुडघ्यावर बसले. एक फट बघितली, दुसरी बघितली. सगळीकडे हात फिरवला. निळा हात आमच्यासमोर धरला. कोरडा! थेंब नाही! ज्याला कचरा म्हणाले, त्याने चार माणसं आणि एवढं रडणं तोलून धरलं होतं. साहेबांनी हात पँटला पुसला. मग आईला म्हणाले, "बाई, मी शब्द मागे घेतो."

तेवढ्यात बाबा म्हणाले, "सायबांनू, तुमची पायताणा!" दगडावरचे बूट निघाले होते गोराईकडे! बाबांनी बांबू घेतला, होडी वळवली, आणि हो, एक बूट काढला. दुसरा गेला. साहेबांना आम्ही माझ्या चपला घालून घरी पाठवलं, पण वडे-सागुती खाऊन. तिसऱ्यांदा सागुती वाढून घेताना त्यांनी निकाल सांगितला. "पास. पण ती मऊ फळी बदलायची. आणि विमा खाडीपुरता, बाहेर समुद्रात नाही." मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "खाडी तर खाडी. पाणी खारटच ना!" "आणि तिसरी अट. काकांनी एकट्याने जायचं नाही. सोबत एक माणूस पाहिजेच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.  बादलीला घाबरणारा मी! मी तोंड उघडणार, तोच आईने पातेलं बांधता बांधता, वर न बघता म्हटलं, "मी जातलंय ह्येंच्या वांगडा. तुका काय येता?"

झालं! आता दर रविवारी पहाटे दोघं निघतात. बाबा पुढे, वल्हं खांद्यावर. आई मागे, पदर खोचून. तिने होडीत बसायला घरातला पाट नेलाय! मी गॅलरीत बसतो. दाढी करून, शर्ट घालून. खाडीकडच्या रस्त्याकडे डोळे लावून. वारा जरा वाढला की उभा राहतो, परत बसतो. विमा होडीचा उतरवला हो, पण पूर्वी मला एकाची काळजी होती, आता दोघांची आहे! परवा दोघं उन्हं चढल्यावर आली, हसत, टोपलीत खाडीतले चार मासे, बोयटं. मी म्हटलं, "एवढा उशीर?" तर आई माझ्याकडे बोट करून बाबांना म्हणते, "बघा, झिलान भात घातलेलो दिसता!"

मी काही बोललो? नाही बोललो. कुकर उतरवला आणि पानं घेतली.